तापात झोपलेल्या मुलाला रात्री उठवावे

लहान बाळाला ताप आला की आई त्याला उचलून डॉक्टरांकडे नेते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ताप आला की तो स्वतःच औषधाच्या दुकानात येतो. इंदूरच्या भंवरकुआ भागात माझे औषधांचे दुकान आहे. कोचिंगसाठी खंडवा, बुऱ्हाणपूर, खरगोन, बैतूल अशा गावांहून आलेली मुले या भागात मोठ्या संख्येने राहतात, आणि त्यांतली बरीच आपल्या मराठी घरांतली असतात. असा मुलगा काउंटरवर हात टेकून उभा राहतो, पॅरासिटामॉलची गोळी मागतो, पाण्याची बाटली घेतो आणि खोलीवर जाऊन झोपतो. आईचा फोन आला तर "थोडी कणकण आहे, गोळी घेतली" एवढे सांगतो. शंभरातल्या बहुतेक वेळा ते तेवढेच असते, आणि दोन दिवसांत तो पुन्हा वर्गात दिसतो. मला लिहायचे आहे ते उरलेल्या थोड्या वेळांबद्दल, म्हणजे मेनिंजायटिसबद्दल. कारण या आजारात जे काही वाचवायचे असते ते पहिल्या काही तासांत वाचवायचे असते, आणि नेमके तेच तास मोठे झालेले मूल बंद खोलीत एकटे घालवते.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती पातळ आवरणे असतात. त्यांना सूज आली की मेनिंजायटिस झाला असे म्हणतात. ही सूज विषाणूंमुळे येऊ शकते, जिवाणूंमुळे येऊ शकते, क्षयाच्या जंतूंमुळे येऊ शकते आणि क्वचित बुरशीमुळेही. विषाणूंमुळे होणारा प्रकार बहुधा सौम्य असतो आणि विश्रांतीने बरा होतो. जिवाणूंचा प्रकार मात्र अतिशय गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार तो झालेल्या दर सहांपैकी एक रुग्ण दगावतो आणि दर पाचांपैकी एकाला बहिरेपणा, आकडी किंवा मेंदूची कायमची इजा यांसारखे गंभीर परिणाम भोगावे लागतात. सौम्य प्रकार कोणता आणि घातक कोणता हे सुरुवातीला घरी बसून ओळखता येत नाही, डॉक्टरांनाही तपासणीशिवाय ओळखता येत नाही. म्हणून "व्हायरल असेल" हे वाक्य आपण ज्या सहजपणे उच्चारतो, ते मला दिवसेंदिवस अधिक अस्वस्थ करते.

पौगंडावस्थेतल्या मुलांचा उल्लेख या आजारात वेगळा का करायचा, याला कारण आहे. मेनिंजायटिस घडवणारा मेनिंगोकॉकस नावाचा जिवाणू फक्त माणसाच्या नाकाघशात राहतो. साधारण दहा टक्के निरोगी लोकांच्या घशात तो काही काळ असतो आणि त्यांना काहीही होत नाही. हे प्रमाण किशोरवयाच्या शेवटी आणि तारुण्याच्या सुरुवातीला सर्वांत जास्त असते, असे युरोपातल्या पाहण्यांत आढळले आहे. जवळून, बराच वेळ घेतलेला श्वास, खोकला, लाळ यांतून तो दुसऱ्याकडे जातो आणि लागण झाल्यापासून दोन ते दहा दिवसांत, बहुधा चौथ्या दिवसाच्या आसपास, आजार उमटतो. एका खोलीत तीन-चार पलंग, उन्हाळ्यात कूलरसाठी आणि हिवाळ्यात थंडीसाठी बंद ठेवलेल्या खिडक्या, अशा राहण्याला त्याचे सोयीचे ठिकाण म्हणता येईल. इथे एक गैरसमज दूर करतो. इंदूर २०१७ पासून देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून ओळखले जाते आणि आपल्याला त्याचा रास्त अभिमान आहे, पण हा जिवाणू कचऱ्यातून किंवा पाण्यातून येत नाही आणि शरीराबाहेर फार वेळ टिकतही नाही. त्यामुळे झाडलेला रस्ता त्याला अडवत नाही. भारतात त्याच्या मोठ्या साथी झालेल्या आहेत. २००५ मध्ये दिल्लीत आणि २००८-०९ मध्ये मेघालयात व त्रिपुरात. साथ नसतानाही तुरळक रुग्ण होत राहतात, आणि न्यूमोकॉकससारख्या दुसऱ्या जिवाणूंना तर साथीची वाट पाहावी लागत नाही.

आता त्या तासांबद्दल. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी मेनिंगोकॉकसचा आजार झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या आईवडिलांना प्रत्येक लक्षण केव्हा दिसले हे विचारून २००६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिले चार ते सहा तास मुलांना ताप, अंगदुखी, मळमळ यांखेरीज काहीच नव्हते. त्यानंतर, साधारण आठव्या तासाच्या सुमारास, पाय दुखणे, हातपाय गार पडणे आणि त्वचेचा रंग फिका किंवा चट्टेदार दिसणे ही लक्षणे आली. मान आखडणे, प्रकाश सहन न होणे, पुरळ, शुद्ध हरपणे ही पुस्तकातली लक्षणे तेराव्या तासानंतर दिसू लागली, आणि चोवीस तासांच्या आत काही मुले मृत्यूच्या दारात पोहोचलेली होती. पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेलेल्यांपैकी जेमतेम निम्म्या मुलांना रुग्णालयात पाठवण्यात आले होते. उरलेली घरी परतली होती. हे वाचताना मला डॉक्टरांचा दोष दिसत नाही. चौथ्या तासाला तपासलेल्या मुलात काही दिसतच नसते. म्हणून सकाळी दाखवून आणलेल्या मुलाकडे दुपारी आणि रात्री पुन्हा पाहावे लागते, आणि डॉक्टरांनी दिवसा दिलेला दिलासा त्या रात्रीपुरता पुरेसा मानता येत नाही.

कपाळ तापलेले आणि तळहात-तळपाय बर्फासारखे गार, हे ताप चढताना थंडी वाजून येते तेव्हाही घडते हे खरे. पण ताप चढून स्थिर झाल्यावरही हातपाय गारच राहिले, मुलगा पायांच्या दुखण्याने उभा राहू शकत नसेल आणि श्वास भरभर चालला असेल, तर थांबू नये. पॅरासिटामॉलबद्दलही सांगायला हवे, कारण ते मीच विकतो. ते चार-सहा तास ताप उतरवते, मूल बरे वाटते म्हणते, एखादे बिस्कीट खाते, आणि घरातले निर्धास्त होतात. आत चाललेल्या जंतुसंसर्गावर त्याचा काही परिणाम होत नाही. गोळी देऊ नका असे मी म्हणत नाही. गोळीने ताप उतरला एवढ्यावरून निर्णय घेऊ नका, असे म्हणतो.

ज्या लक्षणांबद्दल सगळ्यांनी ऐकलेले असते ती मान आखडण्याची खूण प्रत्येकात दिसत नाही. ताप, आखडलेली मान आणि बदललेली शुद्ध ही तिन्ही लक्षणे एकत्र निम्म्याहून कमी रुग्णांत आढळतात. मुलाला हनुवटी छातीला लावायला सांगावे. वेदनेमुळे ती लागत नसेल तर ते गंभीर आहे, पण लागली म्हणून आजार नाहीच असा अर्थ काढू नये. पूर्वी कधी झाली नाही अशी डोकेदुखी, अन्नाशी संबंध नसलेल्या उलट्या, दिवा लावताच तोंड फिरवणे आणि वागण्यातला फरक, यांकडे एकत्र पाहावे लागते. यातला वागण्यातला फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पोट बिघडले तर मूल सांगते, हात मोडला तर सांगते, पण या आजारात ज्या मेंदूने सांगायचे त्यावरच हल्ला झालेला असतो. मूल "मी ठीक आहे, झोपू द्या" म्हणते, आणि आपण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

काही वर्षांपूर्वी उन्हाळा सुरू होताना एक मुलगा रात्री दहाच्या सुमारास दुकानात आला. बुऱ्हाणपूरकडच्या मराठी घरातला, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलायचा. "काका, उलटी थांबायची गोळी द्या, माझ्या रूममेटला सकाळपासून ताप आहे," असे तो म्हणाला. मी विचारले, "नीट बोलतो आहे का तो?" त्यावर तो थोडा थांबून म्हणाला, "बोलतो, पण काका, त्याला त्याचा मोबाइल उघडता येत नाहीये. पॅटर्न चुकतोय सारखा." जो मुलगा दिवसातून शेकडो वेळा डोळे मिटूनही तो फोन उघडत असेल, त्याला तो उघडता येत नाही, हे ऐकून मी दुकान भावाच्या हवाली केले आणि त्याच्याबरोबर गेलो. आजारी मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता, खोलीतला दिवा त्यानेच बंद करायला लावला होता, आणि आज वार कोणता असे विचारल्यावर त्याने गावातल्या शाळेचे नाव सांगितले. शेजारच्या खोलीतली मुले दाराशी उभी राहून त्याने काही नशा तर केली नाही ना, असे कुजबुजत होती. वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, "दादा, मी पहाटेच्या गाडीने निघतो, मी आल्यावर दवाखान्यात नेऊ." मी त्यांना सांगितले की तुम्ही निघा, पण तुमची वाट पाहत आम्ही थांबणार नाही, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावली. न्यूमोकॉकसचा मेनिंजायटिस निघाला. आठवडाभर आधीपासून त्याचा कान दुखत होता आणि त्याने कोणाला सांगितले नव्हते. कानाचा किंवा सायनसचा संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचण्याचा तो नेहमीचा मार्ग आहे. मुलगा वाचला. उजव्या कानाने त्याला आता ऐकू येत नाही. त्याच्या वडिलांच्या संमतीने हे लिहीत आहे, आणि इथे श्रेय द्यायचे असेल तर ते त्या रूममेटला द्यायला हवे, ज्याने ती एक बारीकशी विसंगती हेरली आणि बोलून दाखवली.

तापाने झोपलेल्या मोठ्या मुलाला रात्री दर दोन-तीन तासांनी उठवावे, असे मी आता ओळखीच्या प्रत्येक घरी सांगतो. नुसते कपाळाला हात लावून परत येऊ नये. त्याला उठवून बसवावे, पाणी प्यायला लावावे आणि ज्याचे उत्तर द्यायला विचार करावा लागेल असा प्रश्न विचारावा. ते चिडेल. चिडून नीट उत्तर देणारे मूल पुन्हा झोपू द्यावे. उठवता उठत नसेल, असंबद्ध बोलत असेल, आकडी आली असेल, तर सकाळ होण्याची वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे. त्या वेळी नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना उघडण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो.

पुरळाबद्दल थोडे. मेनिंगोकॉकसने रक्तात शिरकाव केला की त्वचेखाली रक्ताचे बारीक ठिपके येतात आणि ते पसरत जाऊन जांभळे डाग होतात. काचेचा पारदर्शक पेला त्यावर दाबून धरला तरी ते ठिपके फिके पडत नाहीत, ही त्यांची ओळख. परदेशी संकेतस्थळांवरची छायाचित्रे गोऱ्या त्वचेची असतात. आपल्या सावळ्या त्वचेवर ते ठिपके सहज दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय, पापण्यांची आतली बाजू आणि तोंडाच्या आत टाळू टॉर्च लावून पाहावे. पावसाळ्यानंतर इंदुरात डेंग्यूचे रुग्ण वाढतात आणि त्यातही असे ठिपके येतात, त्यामुळे घोटाळा होऊ शकतो. घरच्यांनी तो सोडवत बसू नये, कारण न फिके पडणारे ठिपके आणि ताप हे दोन्ही आजारांत तातडीने दाखवण्याचेच कारण आहे.

रुग्णालयात गेल्यावर एका ठिकाणी हमखास वेळ जातो. डॉक्टर तपासणीसाठी पाठीतून मज्जारज्जूभोवतीचे पाणी काढायचे म्हणतात आणि घरच्यांचे चेहरे उतरतात. सुईने पाय लुळे पडतात, जन्माची कंबर धरते, असे कोणी तरी मामा किंवा शेजारी फोनवर सांगतात आणि सहीचा कागद तासभर तसाच पडून राहतो. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो आणि सुई त्याच्या बरीच खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधून घालतात, म्हणून तिचा मज्जारज्जूला धक्का लागत नाही. काढतात ते पाणी थोडेच असते, आणि शरीर दिवसाला सुमारे अर्धा लिटर नवे तयार करते. नंतर काही जणांचे डोके एक-दोन दिवस दुखते, हा सर्वसाधारण त्रास. एरवी पाण्यासारखे नितळ असणारे ते द्रव जिवाणूंच्या आजारात गढूळ येते, त्यातली साखर घटते, प्रथिने वाढतात, आणि कोणता जंतू आहे व त्याला कोणते औषध लागू पडेल हे त्यातूनच ठरते. रुग्णाची अवस्था नाजूक असेल तर डॉक्टर ही तपासणी पुढे ढकलतात आणि आधी शिरेतून सेफ्ट्रायाक्झोनसारखे अँटिबायोटिक सुरू करतात, जे योग्यच आहे. पालकांनी सही करताना रेंगाळू नये, एवढीच माझी कळकळीची विनंती.

त्याच वेळी डॉक्टरांना आणखी एक गोष्ट आपण होऊन सांगावी: मुलाने आधी कोणत्या गोळ्या घेतल्या. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देणे कायद्यात बसत नाही, तरीही ॲझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची स्ट्रिप लोकांना कुठून ना कुठून मिळते, हे या व्यवसायात राहून मी नाकारू शकत नाही. अशा अर्ध्या उपचाराने आजार बरा होत नाही, पण मणक्यातल्या पाण्यात जंतू सापडेनासा होतो आणि लक्षणे काही काळ दबतात. रिकामी स्ट्रिप सोबत न्यावी. रागावतील म्हणून ती लपवू नये.

इथवर जे लिहिले ते वेगाने येणाऱ्या आजाराबद्दल. आपल्या देशात याचे हळू चालणारे रूपही आहे आणि ते मला अधिक फसवे वाटते. क्षयाच्या जंतूंमुळे होणारा मेनिंजायटिस दोन-तीन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ हलकेच वाढतो. संध्याकाळची कणकण, रोजची डोकेदुखी, भूक मंदावणे, वजन उतरणे, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणे. ही यादी कोणत्याही कोचिंगच्या विद्यार्थ्याला लागू पडेल अशी आहे, आणि म्हणूनच परीक्षेचा ताण, मोबाइल, जागरण किंवा मेसचे जेवण यांपैकी कशाला तरी दोष देऊन ती बाजूला ठेवली जाते. पुढे उलट्या सुरू होतात, एकाऐवजी दोन दिसू लागतात, गुंगी येते, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. मूल आठवड्यात तिसऱ्यांदा डोकेदुखीची गोळी मागायला आले की मी आता घरचा क्रमांक विचारतो. काही मुलांना ते आवडत नाही. जन्मतः दिलेली बीसीजी लस लहान मुलांना या प्रकारापासून चांगले संरक्षण देते, पण किशोरवयात तिच्यावर तितके विसंबता येत नाही. घरात कोणाला क्षय झालेला असेल, किंवा मुलाच्या सहवासात बराच काळ खोकणारे कोणी असेल, तर ते डॉक्टरांना न संकोचता सांगावे. उपचार नऊ महिने ते वर्षभर चालतो, सरकारी क्षय कार्यक्रमात औषधे विनामूल्य मिळतात, आणि लवकर सुरू केला तर मूल पुन्हा पूर्वीसारखे होण्याची चांगली शक्यता असते.

एखाद्या होस्टेलमध्ये रुग्ण निघाला की दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात रिफॅम्पिसिन हे अँटिबायोटिक मागणाऱ्यांची रांग लागते. वर सांगितलेल्या प्रसंगातही लागली होती, आणि त्या वेळी कोणालाच त्याची गरज नव्हती, कारण न्यूमोकॉकसच्या रुग्णाच्या सोबत्यांना प्रतिबंधक औषध देत नाहीत. मेनिंगोकॉकस असेल तर मात्र खोलीतले सोबती, घरचे लोक आणि लाळेशी थेट संबंध आलेल्या व्यक्ती यांना शक्यतो चोवीस तासांच्या आत रिफॅम्पिसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा सेफ्ट्रायाक्झोन यांपैकी एक दिले जाते. कोणाला आणि कोणते, हे रुग्णालयातले डॉक्टर ठरवतात. संपूर्ण इमारतीला गोळ्या वाटायच्या नसतात.

लसींची स्थिती पालकांनी नीट समजून घ्यावी. मेनिंजायटिस घडवणाऱ्या हिब जिवाणूवरची लस पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लसीमधून सरकारी लसीकरणात २०११ मध्ये केरळ आणि तामिळनाडूपासून सुरू झाली, न्यूमोकॉकसची लस २०१७ मध्ये काही राज्यांपासून सुरू होऊन नंतर देशभर पोहोचली. याचा अर्थ असा, की आज कोचिंगला बसलेल्या बहुतेक मुलांना बाळपणी न्यूमोकॉकसची लस सरकारी केंद्रात मिळालेली नाही. खासगी दवाखान्यात टोचली असेल तर जुने लसीकरण कार्ड काढून पाहावे. मेनिंगोकॉकसची लस आपल्या राष्ट्रीय वेळापत्रकात नाही. ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चार प्रकारांवरची लस खासगी दवाखान्यांत मिळते. प्लीहा काढलेली किंवा नीट काम न करणारी मुले, प्रतिकारशक्तीचे काही आजार असलेली मुले आणि हजला जाणारे यांच्यासाठी ती महत्त्वाची आहे. अमेरिकेत ती अकरा-बारा वर्षांच्या मुलांना देऊन सोळाव्या वर्षी पुन्हा देतात, ब्रिटनमध्ये २०१५ पासून किशोरवयीनांना देतात, म्हणून तिकडे शिकायला जाणाऱ्यांनी निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांशी बोलावे. बी प्रकारापासून ही लस संरक्षण देत नाही, त्यामुळे टोचून घेतल्यावरही वरची लक्षणे विसरायची नाहीत. आफ्रिकेतल्या सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात या आजाराने वर्षानुवर्षे थैमान घातले होते, आणि तिथला ए प्रकार ज्या लसीने आटोक्यात आणला ती २०१० पासून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने पुरवली, हे लिहिताना मन भरून येते.

बरा होऊन घरी आलेल्या मुलाची एक तपासणी राहून जाते, ती कानांची. जिवाणूंच्या मेनिंजायटिसनंतर श्रवणाची चाचणी शक्यतो घरी सोडण्याआधी, नाहीतर चार आठवड्यांच्या आत करावी. दोन्ही कानांचे ऐकणे गेले असेल तर आतल्या कानात हाड भरू लागण्याआधी कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या श्रवणयंत्राचा, निर्णय घ्यावा लागतो आणि त्यासाठी मिळणारा अवधी थोडा असतो. थकवा, विसराळूपणा, पटकन येणारा राग हे अनेक महिने टिकू शकतात. अशा मुलाला लगेच रोजच्या पूर्ण वेळापत्रकात बसवू नये, आणि वर्ष वाया गेले असे त्याच्यासमोर बोलू नये. वर्गात त्याला चांगल्या कानाची बाजू शिक्षकांकडे राहील अशी जागा मागून घ्यावी. मी सांगितलेल्या मुलाच्या वडिलांनी ती मागितली, आणि मिळाली.